शकुबाई कोशाले कैची लावत नाई

आमच्या गावात शकुबाईपासून कपडे लपवून ठेवावे लागतात. मस्करी नाई करून राह्यली मी. कोणाचं जुनं लुगडं, फाटका सदरा, शाळा सोडलेल्या पोराची खाकी चड्डी, काहीही तिच्या डोळ्यात भरलं की कैची हातात आलीच समजा. गोधड्या मात्र अशा शिवते की पार ब्रह्मपुरीहून लोक जुनी लुगडी गाठोड्यात बांधून जीपनं येतात. पण कापड फाडताना त्या बाईले दया नाई का माया नाई. नूतनचा लग्नातला शालू तिनं नूतनच्याच डोळ्यांदेखत टराटरा फाडला. नूतन रडायले लागली तर म्हणते, "नवरा साबूत आहे ना तुझा? मंग शालूसाठी काऊन रडतेस?" झिंगूभाऊचं धोतर तर कुंपणावर वाळत होतं. वाळत! ते गोधडीत जाऊन वरून टाके पडले तेव्हा कुठी झिंगूभाऊले पत्ता लागला. अजूनही हिवाळ्यात कोणी गोधडी घेऊन बसलं की तो बिचारा जवळ जाऊन कपडा चिमटीत धरून पाहते, आपला तर नाई म्हणून.

मी मैना, तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या घराची भिंत एकच आहे. मले राग लवकर येते हे पूरं गाव जाणते, पण त्यातला अर्धा राग शकुबाईच्या पायी आहे हे कोणी मानत नाई. आता तुम्हीच सांगा. दुसऱ्याच्या कापडावर वाघिणीसारखी झडप घालणारी ही बाई स्वतःच्या एका थानापुढे, म्हणजे कापडाच्या एका अखंड ताग्यापुढे, अशी थरथर कापे, की पाहणाऱ्यानं कपाळाले हात लावावा.

ते थान कोशाचं. कोसा म्हणजे आमच्या रानातलं रेशीम. तिचा बाप बुधू, तसा मासे धरणारा माणूस. पण पाऊसकाळ लागला की जाळं खुंटीले टांगून जंगलात जाये, ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या राखायले. तिथी राह्यलं की मोठं सोवळं. दाढी करायची नाई, अंगाले तेल लावायचं नाई, बायकोशी बोलायचं नाई. दिवसभर गुलेल घेऊन कावळे हाकलत बसायचं. परत आला की शकुबाईची माय आधी अस्वल समजून ओरडे, मंग भाकर वाढे.

कोसे, म्हणजे त्या अळ्यांचे कोष, घरी आले की उकळत्या पाण्यात टाकायचे आणि मांडीवर वळून वळून धागा काढायचा. ते काम लहानपणी शकुबाईकडे. बाप समोर बसून सांगे, "धागा तोडू नको वं पोरी. त्या किड्यानं एका दमात काढला आहे तो." आता यात एवढं काय आहे? धागा काढताना तोडू नको, एवढंच. कोणताही बाप सांगेल. पण शकुबाईनं ते पूऱ्या जन्मासाठी ऐकून घेतलं.

एका साली कोसे मस्त झाले, तर बुधूनं एकही विकला नाई. नागभीडच्या कोष्ट्याकडून पोरीच्या लग्नासाठी पूरं थान विणून आणलं, मधाच्या रंगाचं. लग्नात शकुबाई ते नेसली नाई. काऊन? तर हळद लागेल! माय, लग्नात हळद नाई लागणार तर काय शेण लागेल? मंग नंतर नेसतो म्हणाली, तर चुलीचा धूर. दिवाळीले नेसतो म्हणाली, तर फटाक्याची ठिणगी. पाहता पाहता पोरीचं लग्न व्हायची वेळ आली आणि थान तिथंच, लोखंडी पेटीत. किल्ली काळ्या धाग्यात ओवून गळ्यात, मंगळसूत्राच्या जोडीले.

वर्षातून एकदा त्याले ऊन दाखवायचं. हा एक तमाशाच असे. अंगणात खाट टाकायची, खाटेवर धुतलेली चादर, चादरीवर थान. तिचा नवरा वारलूभाऊ काठी घेऊन कावळ्यांवर पहारा करे. आणि मी उभी राहायची छत्री घेऊन. कशाले? तर उन्हानं रंग उडेल म्हणून! ऊन दाखवायले बाहेर काढायचं आणि ऊन लागू द्यायचं नाई. मी म्हटलं, "शकुबाई, मंग घरातच छत्री उघडून बसू ना आपण." तर म्हणते, "तुले त्यातलं समजत नाई. छत्री सरळ धर."

वैनगंगेले मोठा पूर आला त्या साली तर कहरच झाला. पाणी आमच्या गल्लीत शिरलं, वारलूभाऊनं डोंगा दाराशी आणला. डोंग्यात करिष्मा बसली, म्हणजे यांची पोरगी, मंग मी बसली, शकुबाई बसली. आता एकाचीच जागा राह्यली. वारलूभाऊ पाय टाकणार, तर शकुबाईनं तिथी पेटी ठेवली.

वारलूभाऊ म्हणाले, "अवं, मी?"

"तुम्हाले पोहता येते," शकुबाई म्हणाली. "पेटीले येते का?"

तो छपरावर चढला. वर आधीच एक कोंबडा होता. दिवसभर ते दोघं एकमेकांकडे पाहत बसले. संध्याकाळी आम्ही त्याले उतरवून आणला तर पहिला शब्द हाच, "कोसा ओला तर नाई ना झाला?" अशी माणसं आहेत ही! राग कोणाकोणाचा करावा?

पण एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाई, ती सांगून टाकतो.

म्हातारपणी बुधूले शकुबाईनं आपल्याकडे आणलं. पूस महिन्याची थंडी होती, अंगावर सरकारी कांबळ. मी चहा घेऊन गेली होती. म्हातारा क्षीण आवाजात म्हणाला, "पोरी, तो कोसा कुठी आहे वं?" शकुबाईचा चेहरा असा फुलला! तिनं गळ्यातली किल्ली काढून त्याच्या डोळ्यापुढे धरली. "आहे बा, पेटीत आहे. सुरकुती पडू नाई दिली." म्हाताऱ्यानं किल्लीकडे पाह्यलं. मंग म्हणाला, "बरं केलं," आणि कांबळ हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. तो हिवाळा त्यानं काढला नाई.

तेराव्याले पंगत बसली होती. वाढता वाढता शकुबाई मधातच थांबली. माझ्या कानाशी येऊन म्हणते, "मैना, बाले थंडी वाजत होती का वं?"

माझ्या हातात वरणाचा गंज होता. मी काय सांगू? मी पुढच्या पानावर वरण वाढलं.

तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं की या कोशाची गोधडी करायची आणि कोणाच्या तरी अंगावर घालायची. पण कैची पुढे जाईना. मंग करिष्माले दिवस गेले. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. तिचा नवरा आदेश भद्रावतीले कामाले आहे, पण पहिलं बाळंतपण माहेरीच. करिष्मा घरी आली तेव्हा शकुबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. सुईत धागा ओवायले मले हाक मारे. मी म्हटलं, "ऑपरेशन करून घे. लोक जातात अन् गॉगल लावून परत येतात." तर म्हणते, "कोशाले मी कैची लावत नाई, अन् डोळ्याले लावू देऊ का?"

पण मनातून पुरती घाबरली होती. एक दिवस भिंतीपलीकडून म्हणाली, "मैना, बाळ यायच्या आत नाई झाली ना गोधडी, तर मंग माझ्या हातून होत नाई. बाचा कोसा पेटीतच सडते." आवाज असा होता की मी भांडली नाई. म्हटलं, "चल, उद्याच लागू."

ब्रह्मपुरीहून नवी कोरी कैची आणली. अंगणात चादर टाकली, थान उलगडलं. पूरी गल्ली जमा झाली. शकुबाईनं कैची उघडली, कापडाच्या काठाले लावली, आणि म्हणाली, "आज मंगळवार आहे." उठून गेली. दुसऱ्या दिवशी म्हणे कैची उन्हानं तापली. तिले ओल्या फडक्यात गुंडाळून थंड केली, तर म्हणे आता ओली आहे. तिसऱ्या खेपेले म्हणे, कापड माझ्याकडे पाहून राह्यलं. पानठेलेवाल्या पवननं चहाच्या पैजा लावायले सुरुवात केली. तो म्हणे, म्हातारी कापतच नाई. झिंगूभाऊ एकटा म्हणे, कापेल, माझं धोतर कापलं होतं तिनं.

वारलूभाऊले कापायले सांगतलं. त्यांनी डोळे मिटले, नदीमायचं नाव घेतलं, कैची पुढे नेली. शकुबाईनं त्यांचा कानच पकडला. मंग माझं डोकं सरकलं. "आण इकडे! मी कापतो, एका मिनटात काम खतम!" तर ती थानावर जाऊन बसली. मांडी घालून. जेवणवेळ झाली तरी उठेना, तिथंच ताट आणून द्यावं लागलं, आणि ताटाखाली परत चादर!

मी ओरडली, "अवो, ते किडे उकळत्या पाण्यात टाकले तेव्हा नाई काही वाटलं तुले?"

ती शांतपणे घास गिळून म्हणाली, "किडे मेले. धागा नाई तुटला."

आता बोला. मी घरी जाऊन दार लावून घेतलं.

सकाळी तिनंच दार वाजवलं. चेहरा पूरा उजळलेला. "मैना, कापायचंच नाई. पूऱ्या थानाची एकच गोधडी करू."

"वेडी झालीस का? बाळ येऊन राह्यलं का हत्ती?"

"बाळ वाढते ना," ती म्हणाली.

एवढी गोधडी घरात मावेना, म्हणून समाजमंदिरात पसरली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि उरलेली दारातून बाहेर ओट्यावर. आत भरायले जुनी लुगडी लागली, तर गावात एकही जुनं लुगडं उरलं नाई, बायका नवीन नेसून धानाच्या रोवणीले जायले लागल्या. ग्रामसभा झाडाखाली भरवावी लागली. एका टोकाले मी बसली, दुसऱ्या टोकाले रीता. रीता माझी सख्खी जाऊ. शिवत शिवत आमची मधात गाठ पडली तोवर धान निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या. शकुबाई सगळीकडे. सुई मी ओवून द्यायची, टाका ती बोटानं चाचपून घाले. डोळ्याले दिसत नाई, पण टाका असा सरळ जसा दोन शेतांमधला धुरा. खोटं कशाले बोलू, गोधडी झाली सुंदर. तिच्यावर हात फिरवला की उचलून घ्यावासा वाटत नव्हता.

करिष्मा ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात बाळंत झाली. पोरगी झाली. त्याच दिवशी आम्ही गोधडी घरी आणली. बायकांची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर थोडी थोडी. रस्त्यावर जीप थांबली. जीपवाल्यानं उतरून हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं, बाई?"

"तू जा!" शकुबाई कडाडली. "माझ्या नातीची गोधडी आहे ही!"

घरात आणली तर एक टोक पुढच्या खोलीत, पोट स्वयंपाकघरात, आणि शेपूट मागच्या दारातून कोंबड्यांपाशी. चालायले जागा नाई. वारलूभाऊ चुलीजवळच्या भागावर झोपायचे आणि म्हणायचे, मस्त आहे. बाळाले मात्र त्यात ठेवायची कोणाची हिंमत होईना. करिष्मा म्हणे, "आई, हिच्यात पोरगी सापडणार नाई." शकुबाईनं ऐकलं नाई.

बारशाले मांडव टाकला आणि मांडवात गोधडी अंथरली. भद्रावतीहून आदेश आला, त्याची माय म्हणजे विहीणबाई आली, चार पाहुण्या आल्या. थंडीची दुपार होती. करिष्मानं बाळाले गोधडीच्या एका कडेले झोपवलं आणि हात धुवायले गेली. विहीणबाई पाळण्याले फुलं बांधून राह्यली होती. सगळं गोड चाललं होतं, इतक्यात मांडवाच्या डहाळ्या खायले बकरी शिरली. पवन तिच्या मागे धावला. बकरी बावचळली आणि चारही पाय घेऊन सीधी कोशावर!

शकुबाईले बकरी दिसली नाई, पण खुरांचा आवाज आला. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "उचला! कोसा उचला!"

सगळ्यांनी उचलला. इकडून मी, तिकडून रीता, मधातून आदेश. ज्याच्या हाती जे टोक लागलं ते त्यानं मधात फेकलं. बकरी निघून गेली. मांडवात कमरेएवढा ढीग झाला. शकुबाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "वाचला, माय."

करिष्मा पदराले हात पुसत आली. "पोरगी कोणाजवळ आहे?"

मले वाटलं रीताजवळ. रीताले वाटलं विहीणबाईजवळ. विहीणबाईच्या हातात झेंडूची माळ होती.

त्यानंतर काय गोंधळ झाला सांगू! करिष्मानं किंचाळी फोडली. आदेशनं एक टोक ओढलं, वारलूभाऊनं दुसरं ओढलं, आणि मधातली गुंडाळी अजूनच आवळली. विहीणबाई म्हणे, "माझी नात! मारली माझी नात!" आतून आवाज नाई.

"थांबा!" शकुबाई ओरडली. "कोणी ओढू नका. हात काढा सगळ्यांनी."

ती गुडघ्यावर बसली. एका घडीत हात घातला, मंग दुसऱ्या. खांद्यापर्यंत गेली, मंग डोकं गेलं, मंग कमरेपर्यंत गेली. मंग पायही दिसेनासे झाले. आता आत दोन माणसं हरवली. ढीग नुसता हलत होता. वारलूभाऊ तोंडात पदर कोंबतात तसा गमछा कोंबून उभे. मी देवाले म्हटलं, बाप्पा, छत्री धरीन, जन्मभर छत्री धरीन, पण पोरगी दे.

आतून शकुबाईचा आवाज आला. घुसमटलेला. "बा गा... बा... एवढी एक देजो गा."

आणि मंग एक शिंक आली. बारीक.

शकुबाई उलटी सरकत बाहेर आली, केस सुटलेले, छातीशी पोरगी. पोरगी लालबुंद, घामानं भिजलेली, झोप मोडली म्हणून चिडलेली. करिष्मानं झडपच घातली. सगळ्या बायका एकदम रडायले लागल्या. विहीणबाईनं शकुबाईचे हात धरले.

शकुबाई ढिगाजवळ बसून राह्यली. मंग म्हणाली, "मी कोसा उचला म्हटलं. पोरगी उचला नाई म्हटलं." परत तेच म्हणाली. मंग ती नवऱ्याकडे वळली. "विळी आणा."

"कैची पेटीत आहे," वारलूभाऊ म्हणाले. "किल्ली दे."

"किल्ली नको. मासे कापायची विळी आणा."

त्यांनी आणली. पात्यावर सकाळचे खवले होते तसेच. शकुबाईनं पाटावर पाय दाबला, गोधडीचं टोक दोन्ही हातांनी धरलं, आणि वाम मासा कापतात तशी घातली पात्यावर. कर्र आवाज झाला. पवनच्या तोंडचं पान खाली पडलं. एवढे दिवस छत्री धरून धरून माझे हात दुखले, आणि ही बाई आता कोशाचे मासे करून राह्यली होती! पहिला तुकडा बाळाएवढा काढला आणि त्यात पोरीले गुंडाळून करिष्माच्या ओटीत दिली. लगेच पोरगी गप.

वाटलं झालं. पण ती थांबलीच नाई. एक तुकडा करिष्माले, एक विहीणबाईले. रीताले, नूतनले. मले दिला तो माझ्या तोंडावरच फेकला. झिंगूभाऊले बोलावून म्हणाली, "घे, धोतराचं फिटलं." झिंगूभाऊनं तिथंच अंगावर घेतला आणि ऊन असून काढेना. पैज जिंकल्याचंही त्याले आठवलं नाई. बाळाचं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं, ते मंग चहा झाल्यावर ठेवलं.

पाहुणे गेल्यावर मी भांडी घासून बाहेर आली. ऊन कलतीवर होतं. शकुबाई ओट्यावर बसली होती, अंगावर शेवटचा तुकडा. कडेले दोरे लोंबून राह्यले होते, वर एक खवला चिकटलेला. किल्ली गळ्यात नव्हती. विचारलं तर म्हणे, "पोरीले खुळखुळा होते."

मी बाजूले बसली. खवला काढायले हात केला तर म्हणाली, "राहू दे." मंग कोसा हनुवटीपर्यंत ओढून घेतला, बुधूनं कांबळ ओढलं होतं तसाच, आणि जंगलाच्या बाजूले तोंड केलं. तिले तिकडचं काही दिसत नव्हतं.

"बा," ती म्हणाली, "लय गरम आहे गा तुझा कोसा."